विलायती रायफल आणि अमेरिकेचा कायदा



वसंतातल्या संध्याकाळी व्याख्यान ऐकण्यासाठी जमलेल्या मंडळींपुढे रायफलींच्या खरेदीविक्रीचा विषय काढणे काहींना विचित्र वाटेल. आपल्यापैकी फारच थोड्यांनी रायफल हातात धरली असेल, आणि अमेरिकेतल्या दुकानात जाऊन ती विकत घेण्याचा प्रसंग तर जवळजवळ कुणावरच आला नसेल. आपली मुले-नातवंडे तिकडे स्थायिक झाली आहेत, एवढाच काय तो संबंध. तथापि मला आज बोलायचे आहे ते बंदुकीविषयी कमी आणि कायद्याविषयी अधिक. ‘कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही’ हे सूत्र आपण सारे ऐकत आलो आहोत. त्याची दुसरी बाजू मात्र क्वचितच कुणी सांगतो. ज्या कायद्याचे अज्ञान अक्षम्य, तो कायदा सामान्य माणसाला कळण्यासारखा असला पाहिजे, ही ती बाजू. राज्यकर्ता एका हाताने शिक्षा देणार असेल, तर दुसऱ्या हाताने त्याने दिवा धरला पाहिजे. अमेरिकेत परदेशाहून आलेल्या अर्धस्वयंचलित रायफली विकत घेणाऱ्यांवर जे प्रसंग आले, त्यांच्या इतिहासात या दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या राहतात. म्हणून तो इतिहास मी आज निवडला आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. अर्धस्वयंचलित रायफल म्हणजे चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते, आणि पुढचे काडतूस आपोआप नळीत येऊन बसते. दुसऱ्या गोळीसाठी चाप पुन्हा ओढावा लागतो. पूर्ण स्वयंचलित हत्यारात, म्हणजे मशीनगनमध्ये, चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात. आपल्या सैन्यात इशापूरच्या कारखान्यात तयार झालेली ‘एस. एल. आर.’ अनेक वर्षे होती. ती बेल्जियमच्या ‘फाल’ रायफलीच्या कुळातली आणि अर्धस्वयंचलित. माजी सैनिक येथे असतील तर त्यांना तिचे वजन अजून खांद्यावर आठवत असेल. दोन्ही प्रकारांत बाहेरून पाहणाऱ्याला फारसा फरक दिसत नाही. फरक आतल्या चार-दोन लहान भागांत असतो. पुढच्या साऱ्या अडचणींचे मूळ या साम्यात आहे, हे ध्यानात ठेवावे.

अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने या क्षेत्रात पहिले मोठे पाऊल टाकले ते १९३४ साली. दारूबंदीच्या काळात गुंडांच्या टोळ्या मशीनगन घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागो शहरात एका गॅरेजमध्ये सात माणसांना भिंतीशी उभे करून मारण्यात आले, तेव्हा साऱ्या देशाला हादरा बसला. १९३४ च्या कायद्याने मशीनगनवर बंदी घातली नाही. ती सरकारदरबारी नोंदवावी आणि तिच्या हस्तांतरावर २०० डॉलर कर भरावा, एवढेच सांगितले. त्या काळी २०० डॉलर म्हणजे जवळजवळ त्या हत्याराचीच किंमत. कर हा येथे केवळ बहाणा होता; वस्तू लोकांच्या हाती कमी जावी हा खरा हेतू. साध्या रायफली, मग त्या देशी असोत की परदेशी, या कायद्याच्या जाळ्यातून मोकळ्या राहिल्या.

दुसरे महायुद्ध संपले आणि युरोपातल्या सैन्यांच्या गुदामांत लाखो जुन्या रायफली पडून राहिल्या. नव्या हत्यारांपुढे त्या निकामी ठरल्या, पण विकायला उत्तम होत्या. अमेरिकन व्यापाऱ्यांनी त्या कवडीमोलाने घेतल्या, जहाजे भरभरून आणल्या आणि मासिकांत जाहिराती देऊन टपालाने विकल्या. कूपन भरावे, मनिऑर्डर पाठवावी, पार्सल घरी यावे. घेणारा कोण, याची चौकशी कुणी करीत नसे. अमेरिकेतल्या बंदूक-कारखानदारांना हा स्वस्त माल सलू लागला. १९५८ साली मॅसॅच्युसेट्सच्या एका तरुण सिनेटरने लष्करातून निघालेल्या परदेशी शस्त्रांची आयात बंद करावी असे विधेयक मांडले. मॅसॅच्युसेट्स हा बंदुका बनवणाऱ्या जुन्या कारखान्यांचा प्रांत. विधेयक त्या रूपात संमत झाले नाही. त्या सिनेटरचे नाव जॉन केनेडी.

पाच वर्षांनी, २२ नोव्हेंबर १९६३ रोजी, राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा डॅलस शहरात खून झाला. खून करणाऱ्याने शिकागोतल्या एका दुकानातून खोट्या नावाने टपालाने मागवलेली इटालियन सैन्याची जुनी ‘कारकानो’ रायफल वापरली होती. दुर्बिणीसह तिची किंमत १९ डॉलर ९५ सेंट; टपालखर्च धरून एकूण २१ डॉलर ४५ सेंट. ती अर्धस्वयंचलितही नव्हती, प्रत्येक गोळीला हाताने खटका ओढावा लागणारी साधी रायफल होती. पण ज्या प्रकारच्या आयातीला केनेडींनी विरोध केला होता, तिच्यातूनच आलेले हत्यार त्यांच्यावर उलटले. अशी विसंगती कादंबरीकाराने रचली असती तर आपण ती कृत्रिम म्हटली असती.

तरीही कायदा व्हायला आणखी पाच वर्षे लागली. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांचे खून झाले, आणि २२ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी बंदूक-नियंत्रण कायद्यावर सही केली. या कायद्याने टपालाने बंदुका विकणे सामान्य ग्राहकापुरते बंद केले. आयातीपुरता जो नियम घातला तो आपल्या विषयाचा गाभा आहे. लष्करातून निघालेली शस्त्रे आणायची नाहीत. आणि इतर जी आणायची ती ‘क्रीडेच्या उपयोगाला विशेष योग्य, किंवा सहज तशी करता येण्याजोगी’ असली पाहिजेत, असे कायद्याने म्हटले. क्रीडा म्हणजे शिकार आणि नेमबाजी. कोणती रायफल क्रीडेची आणि कोणती नाही, हे कायद्याने सांगितले नाही. तो निर्णय अर्थखात्यावर सोपवला.

श्रोतेहो, येथे जरा थांबून विचार करा. अमेरिकेत तयार झालेल्या रायफलीला ही क्रीडेची कसोटी लागू नव्हती. म्हणजे तीच रायफल, त्याच घडणीची, देशात बनली तर निर्वेध, आणि बंदरावर उतरली तर संशयित. यामागे लोकरक्षणाचा हेतू होता हे खरे, पण देशी कारखानदाराचे हितही त्यात सांभाळले गेले हेही तितकेच खरे. दोन वेगळे हेतू एकाच कलमात नांदू लागले, की ते कलम पुढे दोन तोंडांनी बोलू लागते.

१९६८ च्या कायद्याने आणखी एक बदल केला. मशीनगनच्या व्याख्येत केवळ चालते हत्यार नव्हे, तर तिचा मूळ सांगाडाही, ज्याला तिकडे रिसीव्हर म्हणतात तो, समाविष्ट झाला. सारे भाग काढून टाकले आणि नुसते लोखंडाचे खोके उरले, तरी ते खोके कायद्याच्या दृष्टीने मशीनगनच. त्या वर्षी नोव्हेंबरात एक महिन्याची माफीची मुदत दिली गेली. ज्यांच्या घरी युद्धातून आणलेली, नोंद न झालेली अशी हत्यारे होती त्यांनी ती नोंदवून घ्यावी. ज्यांनी नोंदवली ते सुटले. ज्यांनी नोंदवली नाहीत त्यांच्या मागे ती पेटीत तशीच राहिली, आणि आजोबांच्या मृत्यूनंतर माळा आवरताना नातवाला सापडली की तो नातू काहीही न करता अडचणीत येतो. पुढे १९८६ च्या मे महिन्यात झालेल्या कायद्याने त्यानंतर बनलेल्या किंवा नोंदलेल्या मशीनगन खाजगी माणसाने बाळगणे बंद केले. सबब आज उशिरा नोंदणीचा मार्गच उरलेला नाही, आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंतची आहे.

बेल्जियमच्या ‘फाल’ रायफलीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. साधारण १९५९ पासून १९६३ पर्यंत या रायफलीची अर्धस्वयंचलित आवृत्ती अमेरिकेत अधिकृतपणे आली. क्रमांकाच्या आधी ‘जी’ हे अक्षर असल्यामुळे संग्राहक तिला ‘जी मालिका’ म्हणतात. काही वर्षांनी अधिकाऱ्यांच्या लक्षात आले की तिचा सांगाडा स्वयंचलित रायफलीच्या सांगाड्यासारखाच कोरलेला आहे. आयात थांबली. आधीच घरोघरी गेलेल्या रायफलींचे काय करायचे? सरकारने त्यातल्या त्यात शहाणपणाने वागून ठरावीक क्रमांकांच्या रायफलींना सूट दिली. परिणाम असा, की आज तशाच घडणीच्या दोन रायफली शेजारीशेजारी ठेवल्या, तर एक कायदेशीर संग्राह्य वस्तू आणि दुसरी मशीनगन असू शकते. आणि दोघींतला भेद लोखंडावर कोरलेल्या आकड्यांपलीकडे काही नसतो. खरेदीदाराने नळी गंजली आहे का हे पाहण्याआधी क्रमांक पाहिला पाहिजे, अशी ही उफराटी स्थिती.

आता १९८९ कडे येऊ. चीन आणि अमेरिका यांचे राजनैतिक संबंध १९७९ साली सुरळीत झाले, आणि नंतरच्या दशकात चिनी सरकारी कारखान्यांचा माल अमेरिकन बाजारात येऊ लागला. त्यात रायफलीही होत्या. रशियाच्या कलाश्निकोव्ह रायफलीची चिनी आवृत्ती, जिला चीनमध्ये ‘५६ नमुना’ आणि आपल्याकडे ‘एके-५६’ म्हणतात, तिचीच अर्धस्वयंचलित जात तेथे स्वस्तात विकली जाई. हे नाव मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईकरांच्या कानांवर वारंवार आले. अमेरिकेच्या कानांवर ते चार वर्षे आधी आले होते.

१७ जानेवारी १९८९ रोजी कॅलिफोर्नियातील स्टॉकटन गावच्या क्लीव्हलँड प्राथमिक शाळेच्या पटांगणावर मधल्या सुट्टीत मुले खेळत होती. एका माणसाने अशा चिनी रायफलीने त्यांच्यावर गोळीबार केला आणि नंतर स्वतःला संपवले. पाच मुले मेली, तीसहून अधिक माणसे जखमी झाली. मेलेली मुले सहा ते नऊ वर्षांची होती, आणि ती कंबोडिया व व्हिएतनाममधून युद्धाला भिऊन पळून आलेल्या कुटुंबांतली होती. आईबापांनी ज्या रायफलींच्या आवाजापासून मुले वाचवून समुद्रापार आणली, त्याच जातीच्या रायफलीने ती नव्या देशातल्या शाळेत मारली गेली. कायद्याच्या किचकटपणावर मी यापुढे जे बोलणार आहे, ते बोलताना हे पटांगण मी विसरलेलो नाही, आणि तुम्हीही विसरू नये.

त्या वर्षी मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांच्या सरकारने अशा रायफलींची आयात तात्पुरती थांबवली, आणि जुलैमध्ये ४३ प्रकारांवर कायमची बंदी घातली. नवा कायदा करावा लागला नाही. १९६८ चे ‘क्रीडेच्या उपयोगाला योग्य’ हे शब्दच नव्या अर्थाने वाचले गेले. मिटणारा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन बसवण्याची सोय, नळीच्या तोंडाशी ज्वाला लपवणारी नळकांडी, अशी लष्करी लक्षणे ज्या रायफलीला आहेत ती क्रीडेची नव्हे, असे ठरले. कारखानदारांनी लगेच मूठ आणि दस्ता एकजीव करून मध्ये अंगठ्यापुरते भोक ठेवले, संगीन काढून टाकली, आणि ‘ही पाहा शिकारीची रायफल’ म्हणून तीच वस्तू पुन्हा आणली. १९९८ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या सरकारने लष्करी बनावटीची मोठी काडतूस-पेटी बसू शकणाऱ्या अशा रायफलीही बंद केल्या. एकाने कुंपण घालावे, दुसऱ्याने फट शोधावी, मग पहिल्याने ती फट बुजवावी, असा हा खेळ दशकभर चालला.

या खेळात खरा अडकला तो सामान्य खरेदीदार. कसा, ते पाहा. आयात बंद झाली, तर व्यापारी रायफल सुटी करून तिचे भाग आणतील आणि येथे जोडतील, हे उघड होते. म्हणून १९९० साली काँग्रेसने एक कलम घातले: ज्या रायफलीची आयात निषिद्ध आहे, तशीच रायफल आयात भागांतून जोडणे हा गुन्हा. १९९३ साली त्या कलमाखाली नियम आला. त्यात रायफलीच्या वीस भागांची यादी दिली आहे: सांगाडा, नळी, चाप, घोडा, दस्ता, मूठ, आणि काडतूस-पेटीचेसुद्धा तीन वेगळे भाग, म्हणजे तिचा देह, आतली पट्टी आणि तळ. जोडलेल्या रायफलीत या वीसपैकी दहाहून अधिक भाग परदेशी असता कामा नयेत. दहा असले तर चालेल. अकरा झाले तर पाच वर्षांपर्यंतची कैद.

या बेरजेचा अर्थ घरच्या उदाहरणाने सांगतो. एका माणसाने सिमोनोव्ह पद्धतीची ‘एस. के. एस.’ रायफल घेतली. ही सोव्हिएत अभियंता सिमोनोव्ह याची १९४५ ची रचना. चीनने, युगोस्लाव्हियाने तिच्या प्रती काढल्या. तिची दहा काडतुसांची पेटी सांगाड्याला पक्की बसवलेली असते. १९८४ च्या एका दुरुस्तीने जुन्या लष्करी वस्तू ‘संग्राह्य’ म्हणून आणायला मुभा मिळाली आहे, मात्र त्या मूळ रूपात असल्या पाहिजेत. आमच्या या खरेदीदाराने ती रीतसर दुकानातून घेतली, पावती घेतली, पार्श्वभूमीची तपासणीही झाली. पुढे त्याने हौसेने जुनी पेटी काढून तीस काडतुसांची सुटी पेटी बसवली आणि प्लास्टिकचा नवा दस्ता लावला. दोन्ही वस्तू दुकानात उघड विकत मिळतात. पण त्या क्षणी रायफलीचे मूळ रूप गेले, संग्राह्यतेचे कवच गेले, आणि ती आयातीला निषिद्ध असलेल्या रूपात आली. आता तिच्यातले परदेशी भाग मोजावे लागणार. नवी पेटी अमेरिकन असेल तर तिचे तीन भाग देशी खात्यात जमा. चिनी असेल तर परदेशी खात्यात. म्हणजे दोन पेट्यांपैकी कोणती बसवली, यावर माणूस नागरिक की गुन्हेगार हे ठरू शकते. भाग विकणारा गुन्हेगार नाही, जोडणारा आहे. कलमात शब्द ‘जोडणे’ असा आहे, ‘बाळगणे’ असा नाही. म्हणून दुसऱ्याने जोडलेली रायफल विकत घेणारा याच कलमाखाली सरळ येत नाही. पण त्याने तीत पुढे हात घातला, की जोडणाऱ्याच्या जागी तो स्वतः उभा राहतो.

मध्यवर्ती कायद्याच्या जोडीला राज्यांचे कायदे आहेतच. स्टॉकटननंतर कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी, म्हणजे १९८९ मध्ये, नावानिशी यादी करून अनेक रायफली निषिद्ध केल्या. त्या यादीत ‘सुटी काडतूस-पेटी असलेली एस. के. एस.’ असे एक नाव होते. बाजारात मात्र त्याच रायफलीची ‘स्पोर्टर’ नावाची जात होती, जी कारखान्यातूनच सुट्या पेटीसाठी घडवलेली असे. ती यादीत येते की नाही? राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कचेरीने, ती कायदेशीर आहे, असे सांगितले. लोकांनी ती विकत घेतली. पुढे १९९७ च्या सुमारास हे मत फिरले आणि ती निषिद्ध असल्याचे जाहीर झाले. ज्यांनी सरकारला विचारून खरेदी केली होती, ते एका रात्रीत गुन्हेगार ठरू पाहत होते. अखेर विधिमंडळाला १९९८ साली खास कायदा करावा लागला: रायफल सरकारजमा करणाऱ्याला २३० डॉलर भरपाई, आणि मुदत १ जानेवारी २००० पर्यंत. चूक राज्याची होती हे येथे राज्याने पैसे मोजून कबूल केले, हे त्याच्या पदरी जमा धरले पाहिजे. पण प्रत्येक चुकीला अशी भरपाई मिळत नाही.

कधी कधी तर अडचण बंदुकीत नसून तिच्या मायदेशात असते. १९९४ साली क्लिंटन यांनी चीनशी व्यापारसवलती चालू ठेवताना चिनी शस्त्रांची आयात मात्र बंद केली. दोनच वर्षांनी, १९९६ मध्ये, चीनमधून चोरून आणलेल्या सुमारे २००० स्वयंचलित रायफली कॅलिफोर्नियात पकडल्या गेल्या, आणि चिनी सरकारी कंपन्यांच्या प्रतिनिधींवर खटले भरले गेले. त्याच वर्षी रशियाशी करार होऊन ठरावीक प्रकारांपुरतीच तिकडची आयात मर्यादित झाली. २०१४ च्या जुलैमध्ये युक्रेनच्या प्रश्नावरून अमेरिकेने कलाश्निकोव्ह कंपनीवर निर्बंध घातले. तेव्हा सरकारी खुलासा आला तो असा, की ज्याने रायफल आधीच घेऊन पूर्ण पैसे दिले आहेत त्याने ती ठेवावी. पण कंपनीला काही रक्कम देणे बाकी असेल, तर तो व्यवहार निषिद्ध. आदल्या दिवशी जो उधारीचा साधा हिशेब होता तो दुसऱ्या दिवशी परराष्ट्रनीतीचा प्रश्न झाला. २०२१ साली रशियन शस्त्रे व काडतुसे यांच्या नव्या आयातपरवान्यांवर आणखी बंधने आली.

एक गैरसमजही येथे दूर केला पाहिजे. १९९४ च्या सप्टेंबरात काँग्रेसने काही अर्धस्वयंचलित रायफलींच्या देशी उत्पादनावरही दहा वर्षांची बंदी घातली होती. ती १३ सप्टेंबर २००४ रोजी मुदत संपून गेली. तेव्हा पुष्कळांना वाटले की आता सारे मोकळे झाले. पण १९६८ चा आयात-नियम, १९८९ व १९९८ चे निर्णय आणि १९९० चे जोडणीचे कलम हे त्या बंदीचे भाग नव्हतेच. म्हणून ते तिच्याबरोबर गेले नाहीत. एक दार उघडले म्हणून घराची सारी दारे उघडली असे समजणाऱ्याचे डोके चौकटीवर आपटते.

मग न्यायालये काय म्हणाली? १९९४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्टेपल्स या खटल्यात एक महत्त्वाचा निर्णय दिला. आरोपीजवळची रायफल अर्धस्वयंचलित जातीची, पण तिच्यात फेरबदल होऊन ती स्वयंचलित चालत होती. आपल्या हाती असताना ती कधीच तशी चालली नाही, हे त्याचे म्हणणे. न्यायमूर्ती थॉमस यांनी बहुमताच्या निकालपत्रात सांगितले की, हत्यार कोणत्या लक्षणांमुळे मशीनगन ठरते ती लक्षणे आरोपीला माहीत होती, हे सरकारने सिद्ध केले पाहिजे. कायदा माहीत नव्हता ही सबब नव्हे. पण वस्तुस्थिती माहीत नव्हती ही सबब असू शकते. हा भेद सूक्ष्म आहे, पण त्यावर माणसाची दहा वर्षे अवलंबून असतात. २०२४ च्या जूनमध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. अर्धस्वयंचलित रायफल जलद चालवणाऱ्या एका दस्त्याला सरकारी विभागाने मशीनगन ठरवले होते, आणि लोकांनी २०१९ मध्ये ते दस्ते मोडून टाकले होते. विभागाला तसे ठरवण्याचा अधिकार नव्हता, असा निकाल सहा विरुद्ध तीन मतांनी झाला. मोडलेले दस्ते अर्थातच परत आले नाहीत.

आपल्याकडची स्थिती आठवा. १८७८ च्या हत्यार कायद्याने लॉर्ड लिटन यांच्या सरकारने हिंदी माणसाला परवान्याखेरीज शस्त्र बाळगण्याची मनाई केली आणि युरोपियनांना त्यातून सोडले. त्या अपमानाची सल आपल्या राजकारणात पुढे कित्येक वर्षे राहिली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. त्यात वर्णभेद नाही, पण मूळ पद्धत तीच: आधी माणसाची चौकशी, मग परवाना, मग शस्त्र, आणि निषिद्ध शस्त्रांना केंद्र सरकारची खास मंजुरी. तो कायदा कडक आहे, त्याच्या कचेऱ्यांत हेलपाटे घालावे लागतात, ही तक्रारही जुनी आहे. पण परवाना हाती असलेल्या माणसाला आपण कुठे उभे आहोत हे समजते. अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा घटनेने दिलेला हक्क मानला जातो, आणि २००८ च्या हेलर खटल्यात तो व्यक्तीचा हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले. माणसावर फार बंधने घालता येत नाहीत, म्हणून कायदा वस्तूवर बंधने घालू लागतो: नळी किती इंच, दस्ता कसा, वीसपैकी भाग किती. १६ इंचांहून आखूड नळीची रायफल वेगळ्या नोंदणीखाली येते. पाव इंचाने माणूस त्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे हे ठरते. मूळ प्रश्न टाळला, की तो तपशिलांत शिरून बसतो.

तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणाला शिकारीची किंवा संग्रहाची हौस असेल, तर या इतिहासातून त्याने चार गोष्टी घ्याव्यात. पहिली, परदेशी रायफलीवर आयात करणाऱ्याचे नाव व गाव कोरलेले असावे असा १९६८ नंतरचा नियम आहे. अलीकडच्या मालावर ते नसेल तर का नाही, हे आधी विचारावे. दुसरी, क्रमांक आणि सांगाडा कुणा जाणत्याला दाखवावा. तिसरी, घेतल्यानंतर हौसेने तीत काही बदलण्याआधी भागांची बेरीज करावी. चौथी, आपल्या राज्याचा कायदा वेगळा वाचावा, आणि दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये; कैदेत दुकानदार बरोबर येत नाही.

आणि जे कधीच रायफल घेणार नाहीत, त्यांनी, म्हणजे आपण साऱ्यांनी, काय घ्यावे? स्टॉकटनच्या मुलांच्या आईबापांना कायद्याकडे काही मागण्याचा हक्क होता, आणि कायद्याने काहीतरी केले नसते तर तो कायदा म्हणवून घेण्याला पात्र राहिला नसता. पावती जपून ठेवणाऱ्या, सरकारला विचारून खरेदी करणाऱ्या माणसालाही त्याच कायद्याकडे स्पष्ट उत्तर मागण्याचा हक्क होता. हे दोन हक्क एकमेकांचे वैरी नाहीत. कायदा धूसर असला, की मुलांचे रक्षण पुरेसे होत नाही, आणि धूर्त व्यापारी फटीतून निसटतो. सापडतो तो भोळा. कायदा स्पष्ट असला, तर कडकपणा सोसता येतो. आपल्या देशातही नवे कायदे होतात, नियमांवर नियम आणि परिपत्रकांवर परिपत्रके निघतात. ती काढणाऱ्यांना आपण एवढेच विचारावे: हे ज्याच्यावर लागू होणार आहे, त्याला ते वाचून समजेल का? उत्तर ‘नाही’ असे आले, तर ते परत पाठवण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि तो वापरणे हे आपले कर्तव्यही आहे.